चित्रफितीवरील अंकलेख

मोडी न जाणणाऱ्यास दप्तरांतील कागदावर नुसत्या रेघोट्या दिसतात. परंतु तेवढ्यावरून सुज्ञ संग्राहक तो कागद रद्दींत घालीत नाहीं. व्हिडिओ-फितींविषयीं मात्र ही सावधगिरी क्वचितच आढळते. फीत लावली असतां पडद्यावर चित्राऐवजीं काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे हालते पट्टे दिसले, कीं ती बिघडली असें समजण्यांत येतें. वस्तुतः ती अंकांत लिहिलेली मैफल किंवा गणकयंत्राचें दप्तर असूं शकेल.

दोन मार्गी ध्वनि अंकांत नोंदावयाचा, तर सेकंदास सुमारें चौदा लाख चिन्हें लिहावीं लागतात. साध्या ध्वनिफितीस हा वेग झेपत नसे. व्हिडिओयंत्रांत फीत सावकाश सरकते, पण लेखनशीर्ष फिरत्या नळकांड्यावर बसविलेलें असतें. आपल्याकडील व्ही.एच.एस. यंत्रांत तें मिनिटास १,५०० फेरे घेऊन फितीवर तिरप्या रेघा ओढतें. फीत सेकंदास सुमारें २.३४ सेंटिमीटर सरते, तर शीर्ष तिच्यावरून जवळजवळ ४.९ मीटर धांवतें. १९७७ मध्यें सोनी कंपनीनें पी.सी.एम.-१ हें जोडयंत्र काढलें. तें ध्वनीचे अंक ठिपक्यांच्या रूपानें मांडी, व फितीचें यंत्र तें चित्रच समजून नोंदून घेई.

ह्या इतिहासाचा अंतर्गत पुरावा एका संख्येंत टिकून आहे. १९८२ मध्यें विक्रीस आलेल्या ध्वनितबकडीवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. ही विचित्र संख्या कोठून आली? आपल्या ६२५ रेघांच्या दूरदर्शन-पद्धतींत सेकंदास ५० अर्धचित्रें. प्रत्येकांत उपयोगाच्या २९४ रेघा. प्रत्येक रेघेंत ३ नमुने. गुणाकार ४४,१००. जपान-अमेरिकेच्या ५२५ रेघांच्या पद्धतींत ६० × २४५ × ३, म्हणजे पुन्हां तोच. तबकडीवर चित्र नाहीं, तरी फितीचा शिक्का तिच्यावर राहिला. कारण तबकड्यांच्या मूळ प्रती यू-मॅटिक व्हिडिओ-फितींवरच कारखान्यांत जात.

गणकयंत्रांनींही हाच मार्ग धरला. मॉस्कोजवळील झेलेनोग्राद येथें १९९२ मध्यें निघालेल्या ‘आर्विद’ साधनानें घरगुती यंत्रावरील तीन तासांच्या फितींत सुमारें दोन गिगाबाइट मजकूर मावे.

धुळीच्या कणानें चित्रांत एक पांढरी रेघ उमटली, तर डोळा ती क्षमा करतो. अंकांत तशी सवलत नाहीं. म्हणून लगतचे अंक दूरदूरच्या रेघांत विखुरतात व पडताळ्याचे अंक सोबत लिहितात. पोथीच्या अखेरीस लेखक ग्रंथसंख्या नोंदीत, त्यासारखेंच हें. मात्र येथें कांहीं गळालेले अंक पुन्हां सिद्धही करतां येतात.

अशी फीत वाचण्यास सामान्यतः फितीचें यंत्र व लिहिणारें जोडयंत्र, दोन्हीं लागतात. व्ही.एच.एस. यंत्रें करणाऱ्या शेवटच्या जपानी कारखानदारानें, फुनाईनें, २०१६ च्या जुलैंत तें काम थांबविलें. जुनीं यंत्रें भंगारांत गेलीं, तर जोडयंत्राची पेटीही निरुपयोगी डबा म्हणून मोडली जाण्याचा धोका असतो.

यास्तव आमची विनंति अशी: ठिपक्यांची फीत पुसूं नये, तिजवर दुसरें चित्र घेऊं नये, बुरशी दिसल्यास ती यंत्रांत घालूं नये, जोडयंत्राचें नांव वेष्टनावर लिहून दोन्हीं एकत्र ठेवावीं. नक्कल करावयाची ती अंकांची करावी, पडद्याची नव्हे. लिपि जाणणारा पुढें भेटेल. जाळलेला कागद मात्र कोणासच वाचतां येत नाहीं.