गोंड्याचा रानभात
उत्तर प्रदेशातील गोंड्याजवळ १९६३मध्ये रानभाताचा एक नमुना गोळा झाला. दाणे पिकताच गळणारे; शेतकऱ्याच्या लेखी तणच. तो फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या संग्रहात गेला. पुढे ‘ग्रासी स्टंट’ विषाणूने आशियातील भात खुरटवला, तेव्हा सहा हजारांहून अधिक नमुने तपासून प्रतिकारशक्ती सापडली ती याच नमुन्यात, त्यातल्याही मोजक्या रोपांत! त्यातून १९७६मध्ये आलेले ‘आयआर ३६’ वाण भारतातही पिकले.

आज अशा देवाणघेवाणीवर २००२चा जैवविविधता कायदा आहे. हळदीच्या पेटंटचा अनुभव पाहता सरकारी परवानगीची अट रास्तच. पण भातासह ठरावीक पिकांचे नमुने देशोदेशी सुलभपणे मिळावेत, असा २००४पासून अमलात असलेला आंतरराष्ट्रीय करारही भारताने स्वीकारला आहे.