थांबलेल्या मागाची मजुरी

आमचं घर मालेगावच्या यंत्रमागांच्या मोहल्ल्यातलं. खटखट बंद पडली की आम्हा पोरांना कळायचं, लाइट गेली. अब्बा मात्र घरी यायचे नाहीत. लाइट कधी येईल याचा नेम नसे, म्हणून ते मागाशेजारीच बसून राहायचे. गुरुवारी हिशेब व्हायचा तो विणलेल्या मीटरांचा. बसून काढलेल्या तासांना वहीत रकानाच नव्हता. मी एकदा विचारलं, ‘‘अब्बा, ते तास कुणाचे?’’ ते म्हणाले, ‘‘बेटा, कुणाचेच नाहीत.’’

कायदा मात्र तसं म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९३० साली दुकानं आणि कचेऱ्यांसाठी करार केला. कामगार ज्या वेळेत मालकाच्या दिमतीला असतो, ती कामाची वेळ, अशी त्यातली व्याख्या आहे. हात चालू होते का, हा प्रश्नच नाही. विश्रांती त्यातून वगळली आहे, पण त्या वेळात माणूस खरोखर मोकळा असला तरच. एका हातात भाकरी आणि डोळे मागावर, याला सुट्टी कशी म्हणायची?

आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही असाच विचार होता. त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनंही तो राखला आहे. ज्याचं किमान वेतन दिवसावर ठरलं आहे, त्याचे तास मालकानं काम न पुरवल्यामुळे कमी भरले, तर मजुरी पूर्ण दिवसाची. त्यानं स्वतःहून काम टाळलं असेल, तर हा हक्क राहत नाही. मीटरवर काम करणाऱ्याचं काय? त्याच्या कामाचं किमान वेतन वेळेवर ठरलेलं असेल, तर त्याची मजुरी त्याखाली उतरता कामा नये. आणि ठरल्या तासांपुढे थांबवलं, तर त्या वेळेचा दर निदान दुप्पट.

वीज गेली यात आमचा काय दोष, असं शेठ म्हणतील. पण ती मजुराच्या मर्जीनंही गेलेली नसते, एवढं तर कुणी नाकारणार नाही.

खरी अडचण पुराव्याची असते. म्हणून ओळखीच्या कामगारांना मी एकच सांगतो: खिशात छोटी वही ठेवा. आलो कधी, गेलो कधी, आणि काम नसताना कुणाच्या सांगण्यावरून किती वेळ थांबलो, हे रोज लिहा. अब्बांना लिहिता येत नव्हतं. तुम्हाला येतं.