हर्न, डेव्हिड
हर्न, डेव्हिड : (२१ जुलै १९३४ – ). ब्रिटिश वृत्तछायाचित्रकार व छायाचित्रणाचा अध्यापक. जन्म इंग्लंडमधील सरे परगण्यात रेडहिल येथे. बालपण वेल्समधील कार्डिफ येथे गेले. छायाचित्रणाचे औपचारिक शिक्षण त्याने घेतले नव्हते. १९५६ च्या हंगेरीतील उठावाच्या छायाचित्रांमुळे तो प्रकाशात आला. १९६७ मध्ये तो ‘मॅग्नम’ या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेचा पूर्ण सदस्य झाला.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरव्हॅन येथे कोळसाखाणीतील टाकाऊ मालाचा ढिगारा शाळेवर व घरांवर कोसळून ११६ मुले व २८ प्रौढ मृत्युमुखी पडले. तेथील शोधकार्याची छायाचित्रे हर्नने घेतली. शोकाकुल आप्तांना कॅमेरा नकोसा वाटतो, तथापि घटनेची नोंद राहणेही आवश्यक असते. वृत्तछायाचित्रणातील हा पेच अशा प्रसंगी तीव्र होतो.

१९७३ मध्ये त्याने वेल्समधील न्यूपोर्ट येथील महाविद्यालयात अनुबोधपर छायाचित्रणाचा अभ्यासक्रम सुरू केला व पंधरा वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले. कॅमेऱ्यावर उपजीविका करू शकणारे छायाचित्रकार घडविणे, हा त्याचा हेतू होता. छायाचित्रापेक्षा विषयाबद्दलची आस्था प्रथम हवी; उभे राहण्याची जागा व कळ दाबण्याचा क्षण यांची निवड त्यातूनच साधते, हे त्याच्या शिकवणीचे सूत्र होय. बिल जे याच्याबरोबरच्या संवादांतून सिद्ध झालेल्या ऑन बीइंग अ फोटोग्राफर (१९९७) या ग्रंथात ते विशद झाले आहे. २०१७ मध्ये त्याने आपला छायाचित्रसंग्रह वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयास दिला.