तीन चेंडू आणि त्यामागचा हिवाळा

२९ मार्च २०२५, शनिवारची दुपार. ब्राँक्समधल्या यांकी स्टेडियमवर मिलवॉकी ब्रुअर्सच्या नेस्टर कोर्टेसने पहिला चेंडू टाकला. पॉल गोल्डश्मिटने तो थेट प्रेक्षकांत धाडला. दुसरा चेंडू कोडी बेलिंजरने धाडला, तिसरा ॲरन जजने. तीन चेंडू, तीन होमरन. यांकीजनी त्या दिवशी नऊ होमरन मारले आणि सामना २०-९ असा जिंकला.

न्यू जर्सीतल्या घरी टीव्हीसमोर मी उभाच राहिलो होतो. आनंद झाला, पण डोळे कोर्टेसवर खिळले होते. चार महिन्यांपूर्वीपर्यंत तो आमचा होता. उलट गोल्डश्मिट आणि बेलिंजर डिसेंबरपर्यंत आमचे नव्हते. त्या तीन चेंडूंमध्ये आख्खा हिवाळा एकवटला होता, आणि तो कसा घडला हे नीट सांगावं असं तेव्हापासून मनात आहे.

सुट्टीत पुण्याहून आलेला भाचा दर वेळी विचारतो, ‘‘मामा, तुमच्याकडे लिलाव कधी असतो?’’ लिलाव नसतोच. २४ नोव्हेंबर २०२४ ला जेद्दातल्या आयपीएल लिलावात लखनौने ऋषभ पंतला २७ कोटी रुपयांना घेतलं, तेव्हा पंतला कुठे जायचं हे विचारलं गेलं नाही; शेवटी ज्याचा हात वर राहिला त्याचा तो झाला. सगळ्या संघांची पर्सही सारखी, १२० कोटींची. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ८ डिसेंबरला, हुआन सोटोने न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार ठरवला. इथे निवड सोटोची होती. त्याने आमच्या यांकीजना सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाचा संघ निवडला.

सोटोला तो हक्क मिळाला कसा, तिथपासून सुरुवात करू. मेजर लीगमध्ये खेळाडूची सेवा दिवसांत मोजतात आणि १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल ते घ्यायचं. २०२५ मध्ये किमान पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं पगारावर लवादाकडे जाता येतं. या लवादाची एक गंमत मला फार आवडते. खेळाडू एक आकडा मांडतो, संघ दुसरा, आणि लवादाला त्यातला एकच उचलावा लागतो, मधला काढता येत नाही. त्यामुळे दोघेही अवास्तव मागायला घाबरतात आणि बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात. सहा वर्षं पूर्ण झाली की खेळाडू मोकळा. वर्ल्ड सिरीज संपल्यावर पाच दिवसांनी तो कुणाशीही करार करू शकतो.

सोटो मे २०१८ मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्यांदा खेळला. म्हणजे २०२४ संपताना तो मोकळा होणार, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये यांकीजनी सॅन डिएगोला चार पिचर आणि एक कॅचर असे पाच जण दिले आणि सोटोला घेतलं. सोबत सेंटर फिल्डर ट्रेंट ग्रिशमही आला, पण खरी किंमत मोजली ती सोटोच्या एका वर्षासाठी. त्या एका वर्षात त्याने ४१ होमरन मारले. क्लीव्हलंडमध्ये दहाव्या इनिंगमध्ये मारलेल्या होमरनने तर आम्हाला २००९ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं. सौदा महाग होता की स्वस्त? मला विचाराल तर तो एक फटका पाच जणांच्या मोलाचा होता.

तर मला कळलेली गोष्ट ही : हिवाळ्यात संघ माणसं विकत घेत नाही, वर्षं विकत घेतो. कुणाची किती वर्षं, कोणत्या वयातली, आणि ती संघातल्या बाकीच्यांच्या वर्षांशी जुळतात का, एवढाच हिशेब असतो. चाहता मात्र माणसाकडे बघतो. दुखतं ते तिथेच.

सोटोसाठी यांकीजनी हात आखडता घेतला नव्हता. बातम्यांनुसार त्यांचा प्रस्ताव १६ वर्षांसाठी ७६ कोटी डॉलरचा होता. एकूण रकमेत फरक ५० लाखांचा, पण मेट्सचं सरासरी वर्ष ५ कोटी १० लाखांना पडत होतं आणि आमचं ४ कोटी ७५ लाखांना. ही सरासरी महत्त्वाची, कारण लक्झरी टॅक्स तिच्यावरच लागतो. बेसबॉलमध्ये खर्चाला छत नाही, पायऱ्या आहेत. २०२५ मध्ये सगळ्या करारांच्या वार्षिक सरासरीची बेरीज २४.१ कोटी डॉलरच्या वर गेली की टॅक्स सुरू होत होता, आणि सगळ्यात वरची पायरी ३०.१ कोटींवर. सलग तिसऱ्या वर्षी किंवा त्याहून जास्त मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला त्या पायरीच्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे आणखी एक डॉलर दहा सेंट भरावे लागतात. यांकीज त्याच गटातले. सोटोचा पगार पूर्णपणे त्या पायरीच्या वर पडला असता, तर ४ कोटी ७५ लाखांचं वर्ष संघाला जवळपास दहा कोटींना पडलं असतं. मालक हॅल स्टाइनब्रेनर हा आकडा डोळ्यांआड करू शकत नव्हते, आणि त्यांनी तो करावा असं मलाही वाटत नव्हतं.

आणि दुसरा हिशेब होता जजच्या वयाचा. २०२२ च्या सीझनआधी त्याने सात वर्षांचा २१.३५ कोटींचा प्रस्ताव नाकारला, त्याच वर्षी ६२ होमरन मारले आणि डिसेंबरात नऊ वर्षांचे ३६ कोटी मिळवले. २०२५ मध्ये तो ३३ वर्षांचा होणार होता. सोटो तेव्हा २६ वर्षांचा. सोटो गेला, म्हणजे संघाचा पुढचा दशकभराचा आधार गेला. मग उरलं काय? जज ऐन भरात आहे तोवरचे उन्हाळे. जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन यांनी १९९८ पासून हे पद सांभाळलं आहे, आणि त्या डिसेंबरात त्यांनी नेमके ते उन्हाळे विकत घ्यायचं ठरवलं.

१० डिसेंबरला डावखुरा पिचर मॅक्स फ्रीड, आठ वर्षं, २१.८ कोटी. १३ तारखेला ब्रुअर्सचा पिचर डेव्हिन विल्यम्स, १७ ला बेलिंजर, २१ ला गोल्डश्मिट. सोटो गेल्यापासून तेरा दिवसांत चार जण. यातला लांब पल्ल्याचा करार एकट्या फ्रीडचा. गोल्डश्मिट ३७ वर्षांचा, नॅशनल लीगचा २०२२ चा एमव्हीपी, एका वर्षासाठी सव्वा कोटीत. विल्यम्स मोकळा व्हायला एकच वर्ष उरलेलं.

बेलिंजरचा सौदा मला सगळ्यांत देखणा वाटतो. शिकागो कब्जनी १३ डिसेंबरला ह्यूस्टनकडून काइल टकर आणला आणि त्यांच्या आउटफिल्डमध्ये गर्दी झाली. बेलिंजरचा २ कोटी ७५ लाखांचा पगार त्यांना जड होऊ लागला. यांकीजना सोटोची जागा भरायची होती. कोडी पोटीट हा एक पिचर देऊन बेलिंजर मिळाला, शिवाय कब्जनी ५० लाख डॉलर वर दिले. बेलिंजर डावखुरा, चेंडू उजवीकडे उंच मारणारा, आणि यांकी स्टेडियमची उजवीकडची भिंत कोपऱ्यात फक्त ३१४ फुटांवर. शिवाय त्याचे वडील क्ले बेलिंजर १९९९ आणि २००० च्या विजेत्या यांकी संघात होते. यातली शेवटची गोष्ट कुठल्याही हिशेबात बसत नाही. मला मात्र तीच आधी आठवते.

मोकळ्या खेळाडूमागे आणखी एक किंमत असते. जुना संघ जाणाऱ्याला एका वर्षाची ठरावीक रक्कम देऊ करतो; २०२४ मध्ये ती २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर होती आणि लीगमधल्या सगळ्यांत महाग १२५ पगारांच्या सरासरीवरून काढलेली. खेळाडूने ती नाकारली आणि तो दुसरीकडे गेला, तर नव्या संघाला पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडी गमवाव्या लागतात. टॅक्स भरणाऱ्या संघाला दोन, दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या. फ्रीडने अटलांटाची ती रक्कम नाकारली होती. म्हणजे फ्रीडसाठी यांकीजनी पैशांबरोबर दोन अनोळखी पोरंही दिली, जी अजून कॉलेजात किंवा शाळेत खेळत होती.

आता कोर्टेसकडे येतो.

प्रत्येक संघाची ४० जणांची यादी असते; त्यातले २६ जण रोज मैदानावर. यादी भरली की नवीन नाव घालायला जुनं नाव काढावं लागतं, हा नियम हिवाळाभर मानगुटीवर असतो. खालच्या लीगमध्ये ठरावीक वर्षं काढलेल्या खेळाडूला नोव्हेंबरात या यादीत घेतलं नाही, तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला एक लाख डॉलरला उचलू शकतो. मात्र उचलणाऱ्याला त्याला सीझनभर २६ मध्ये ठेवावं लागतं, नाहीतर ५० हजारांना परत देऊ करावं लागतं. नियम चांगला आहे. श्रीमंत संघांनी गुणी पोरं खालच्या लीगमध्ये कुजवत ठेवू नयेत म्हणून तो आहे.

कोर्टेस त्यातून गेलेला. क्यूबात जन्मलेला, फ्लोरिडातल्या हायलियात वाढलेला हा पोरगा यांकीजनी २०१३ च्या ड्राफ्टमध्ये ३६ व्या फेरीत घेतला होता. डिसेंबर २०१७ मध्ये बाल्टिमोरने त्याला रूल फाइव्हमधून नेलं, चार सामने खेळवलं आणि परत दिलं. पुढे तो २०२२ मध्ये ऑल-स्टार झाला. उलटही होतं. २०२० मध्ये यांकीजनी गॅरेट व्हिटलॉकला यादीबाहेर ठेवलं, बॉस्टनने उचललं आणि तो तिथेच टिकला. ज्यांच्याशी आमचं हाडवैर, नेमक्या त्यांच्याकडे.

२०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात दहाव्या इनिंगला कोर्टेसला आणलं गेलं. महिनाभर दुखापतीने तो खेळलेला नव्हता. प्रतिस्पर्धी संघाच्या फ्रेडी फ्रीमनने त्याला ग्रँडस्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, मारला. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात सामना संपवणारा पहिलाच. लोकांना वाटतं, त्या एका चेंडूमुळे त्याला विकलं. तसं नाही. त्याचंही एकच वर्ष उरलं होतं, फ्रीड आल्यावर पिचर जास्त झाले होते, आणि शेवटच्या इनिंगमध्ये सामना बंद करणारा क्लोजर नव्हता. म्हणून ब्रुअर्सना कोर्टेस, केलेब डर्बिन नावाचा बुटका तरुण इनफिल्डर आणि थोडे पैसे देऊन विल्यम्स आणला. एका वर्षाला एक वर्ष. डर्बिन हा वरचा खर्च.

याच हिवाळ्यातला एक निर्णय असाही होता जो कुणाच्या लक्षात राहिला नाही, कारण काहीच बदललं नाही. आमचा पिचर गेरिट कोल याला करार मोडून मोकळं व्हायची मुभा होती. २ नोव्हेंबरला त्याने ती वापरली. कलम असं होतं, की यांकीजनी ३ कोटी ६० लाखांचं आणखी एक वर्ष जोडलं तर तो मोकळा होणार नाही. ते त्यांनी जोडलं नाही. दोन दिवसांनी कोल जुन्याच करारावर, चार वर्षांच्या १४.४ कोटींवर परतला. वर्ष द्यायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. ज्याने इतकं दिलं त्याच्यासाठी एवढं काय, असं. ११ मार्चला त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं २०२५ संपूर्ण गेलं. मी मनाने विचार केला होता, त्यांनी कोपराच्या वयाचा.

मग सीझन. फ्रीडने १९ सामने जिंकले, कुणापेक्षाही जास्त. बेलिंजरने २९ होमरन मारले. गोल्डश्मिटने पहिला बेस पुन्हा शाबूत केला. विल्यम्सचं मात्र जमलं नाही. त्याची दाढी ठेवता यावी इतपत बदल फेब्रुवारीत झाला आणि स्टाइनब्रेनर कुटुंबाचा १९७० च्या दशकापासूनचा दाढीबंदीचा नियम सैल झाला, पण एप्रिल संपायच्या आतच क्लोजरचं काम त्याच्याकडून काढून घ्यावं लागलं. यांकीज ९४ सामने जिंकले. टोरोंटोही ९४ जिंकले, आपसातल्या सामन्यांत सरस ठरून गटात पहिले आले, आणि पुढे प्लेऑफमध्ये त्यांनीच आम्हाला ३-१ असं हरवलं. सोटोने मेट्ससाठी ४३ होमरन मारले, ३८ बेस चोरले. मेट्स ८३ विजयांवर अडकले आणि शेवटच्या दिवशी प्लेऑफबाहेर राहिले. त्या सीझननंतर सोटोची अजून चौदा वर्षं उरली होती, तेव्हा त्या सौद्याबद्दल आज काही म्हणायला मी धजत नाही.

विल्यम्सच्या सौद्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, आणि ते कोर्टेसमुळे नाही. कोर्टेस मिलवॉकीत दोनच सामने सुरू करून दुखापतीने बसला आणि जुलैत सॅन डिएगोला गेला. गेला तो डर्बिन. यांकीजनी आधी त्याच्या सहा वर्षांचा हिशेब मांडायला हवा होता. त्याची सेवा अजून सुरूही झाली नव्हती. त्या उन्हाळ्यात तो ब्रुअर्सचा तिसरा बेस सांभाळत होता, ब्रुअर्स ९७ सामने जिंकले, लीगमध्ये सगळ्यांत जास्त, आणि नवोदितांच्या मतदानात तो तिसरा आला. रोज सकाळी चहा घेताना मी आधी यांकीजचा निकाल बघायचो, आणि मग मिलवॉकीचा, त्याने काय केलं ते.