दिवे घाटातली एकादशी

आषाढी एकादशीचे माहात्म्य आपण सारेच जाणतो. परंतु तिच्या आधी पंधरा दिवस येणारी ज्येष्ठ वद्य एकादशी वारकऱ्याची खरी परीक्षा पाहते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी बहुधा याच तिथीस पुणे सोडून सासवडला जाते. आळंदी ते पंढरपूर या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटेवरील ही सर्वांत मोठी मजल. एका दिवसात सुमारे तीस किलोमीटर चालायचे, त्यात दिवे घाट चढायचा, आणि तोही उपवासाने!

आम्ही हा दिवस एका दिंडीबरोबर चाललो. पहाटे भवानी पेठेतून निघालो, तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून जळत होते. पुढे पताकाधारी, मागे टाळकरी, मध्ये मृदंग आणि विणेकरी, त्यांच्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माताभगिनी. हा क्रम कोणी मोडीत नाही, आणि वाटेवरच्या भजनाचा क्रमही परंपरेने ठरलेला. हडपसरला तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरची वाट धरते आणि माउलींची सासवडची. दोन्ही सोहळे इथे दुरावतात ते पंढरीच्या परिसरात पुन्हा भेटण्यासाठीच.

आमच्या शेजारून बीडकडच्या एक आजी चालत होत्या. वय सत्तरीच्या पुढचे, पायात झिजलेल्या वहाणा, खांद्यावर लहानसे गाठोडे. बोलता बोलता कळले की त्यांचे यजमान याच दिंडीतले टाळकरी. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.ने पंढरीस नेण्यात आल्या. त्याच काळात यजमान गेले. त्यांचा टाळ फडक्यात बांधून आजी दर वर्षी पंढरीला नेत आणि कळसाचे दर्शन घडवून परत आणीत.

वडकी नाल्यावर दुपारचा विसावा झाला. शेंगदाणे आणि दोन केळी, एवढा आमचा फराळ. समोर घाट उभा होता. माउलींच्या रथाला जास्तीच्या बैलजोड्या जुंपल्या गेल्या आणि चढण सुरू झाली. पाऊस बेताचाच होता, पण वळणावळणावर माणसांची दाटी. आजींना धाप लागलेली पाहून आम्ही म्हणालो, "आजी, गाठोडं द्या आमच्याकडे."

"नको माउली, माझं ओझं मला जड न्हाई."

आम्ही आग्रहच केला. मनात कुठे तरी पुण्य जोडल्याचे समाधानही होते. ते इथे लपवीत नाही.

घाटाच्या मध्यावर कोणी पाणी वाटीत होते. आम्ही गाठोडे कठड्यावर ठेवले, ओंजळ पुढे केली, आणि मागून आलेल्या लोंढ्याने आम्हाला पुढे लोटले. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर खांदा हलका वाटला, तेव्हा काळजात धस्स झाले. मागे फिरलो, पण त्या गर्दीच्या ओघाविरुद्ध शंभर पावलेही उतरता येईना. कठडा दिसला तेव्हा त्यावर काहीच नव्हते.

आजींसमोर मान खाली घालून उभे राहिलो. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. नुसता पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "टाळ वाजायसाठीच असतोय, माउली. मीच त्याला बांधून ठिवला व्हता. ज्याच्या हाती गेला असंल, त्याच्या हाती वाजंल."

सासवडला पोहोचेतो अंधारले. कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी आहे; थोरला भाऊ धाकट्याच्या गावी आला, अशा भावनेने सारे गाव सामोरे आलेले. पालखीतळावर समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या. शेकडो टाळांचा गजर असा की शेजारच्याचा शब्द ऐकू येऊ नये. चोपदारांनी चोप उंचावला आणि एका क्षणात सगळे निःशब्द झाले. ज्या दिंडीची तक्रार असते, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आरती होत नाही. लहानमोठ्याला दाद मिळण्याची ही रीत किती साधी आणि किती पक्की!

मग हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली. कोणाची पिशवी, कोणाचा चष्मा, कोणाची पाण्याची बाटली. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. टाळाचा उल्लेख आला नाही.

आम्ही आजींकडे वळलो. त्यांचे डोळे मिटलेले होते. "मघाशी ऐकलासा न्हवं?" त्या म्हणाल्या, "एवढ्यात तो बी व्हता."

आरती झाली. दुसऱ्याचे ओझे उचलणे सोपे, ते सांभाळणे कठीण, हे आम्हाला त्या घाटाने शिकविले. आणि आपले सर्वांत प्रिय ते सर्वांच्या गजरात ओळखता येणे, ही एकादशी आजींना साधली होती. आम्ही तर केवळ जेवलो नव्हतो.