अकरावीला राज्यशास्त्र घेताय? आधी बातमी वाचायची पद्धत बदला

'रोज राजकारणाच्या बातम्या बघतो, मग राज्यशास्त्र सोपंच जाईल,' असं दहावीनंतर अनेकांना वाटतं. पण बातमी सांगते कोणी कोणाला पाडलं. राज्यशास्त्र विचारतं, तो अधिकार त्यांना मिळाला कुठून? तयारीची सुरुवात याच प्रश्नापासून करा.

एक उदाहरण पाहू

जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला आणि एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. सोशल मीडियावर भांडण झालं ते 'गद्दार कोण, निष्ठावंत कोण' यावर. अभ्यासाचे प्रश्न मात्र वेगळे आहेत.

- आमदाराला अपात्र कोण ठरवतं? पक्षांतराच्या कारणावरून असेल, तर संविधानाच्या दहाव्या परिशिष्टानुसार विधानसभेचे अध्यक्ष.
- प्रतोद कोण नेमतं? सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितलं, राजकीय पक्ष; विधिमंडळ पक्ष नव्हे.
- राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणं योग्य होतं का? न्यायालयाच्या मते, नाही. तरीही जुनं सरकार परत आणता आलं नाही, कारण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता.

म्हणजे एकाच निकालात दोन्ही बाजूंना हवं ते थोडं मिळालं. व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डमध्ये बहुतेक वेळा त्यातला अर्धाच भाग असतो.

सुट्टीत काय कराल?

१. दहावीचं राज्यशास्त्राचं पुस्तक पुन्हा एकदा वाचून काढा.

२. संविधान मराठीत उपलब्ध आहे. सगळं नको, उद्देशिका आणि मूलभूत हक्कांचा भाग (कलम १२ ते ३५) वाचा.

३. एक वही करा. आठवड्याला एकच बातमी घ्या आणि चार गोष्टी लिहा: कोणतं पद, कोणता अधिकार, एका बाजूचं म्हणणं, दुसऱ्या बाजूचं म्हणणं.

४. न आवडणाऱ्या पक्षाची बाजू पाच ओळींत प्रामाणिकपणे मांडून बघा. हे सगळ्यात अवघड आहे, पण दीर्घोत्तरी प्रश्नांत हीच सवय कामी येते.

हे फक्त मार्कांसाठी नाही

६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. बारावीचा निकाल हातात येईल, त्याच सुमारास तुमचं नाव मतदार यादीत येऊ शकतं. परीक्षेतलं उत्तर चुकलं तर पुन्हा लिहिता येतं. दिलेलं मत मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत बदलता येत नाही.