शाळेचा पैसा कोणाचा?

तालुक्याच्या गावी सार्वजनिक कार्यास पैसा मिळत नाही, ही तक्रार खरी नव्हे. उत्सवाच्या मंडपास, स्वागताच्या कमानीस, देवळाच्या जीर्णोद्धारास दरसाल वर्गणी जमते आणि ती देताना कोणी फारशी घासाघीस करीत नाही. पण त्याच गावातील नगरपरिषदेच्या शाळेचे छप्पर गळू लागले, की पैसा कोणी द्यावा या प्रश्नाचा खल सुरू होतो. नगरसेवक म्हणतात, शिक्षण हे सरकारचे काम. सरकारी अधिकारी म्हणतात, इमारत नगरपरिषदेची. सुस्थितीतील गृहस्थ काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांची मुले केव्हाच दुसऱ्या शाळेत गेलेली असतात. मागे राहतात ती मजुरांची, हातगाडीवाल्यांची आणि मोलकरणींची मुले. त्यांची बाजू सभागृहात मांडणारा वकील कोणी नसतो.

या वादात मूळ मुद्दाच दृष्टीआड होतो. सार्वजनिक शाळेचा पैसा हा दानाचा नसून कराचा आहे. १९६२ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रातील शहरांत घरांवर व जमिनींवर शिक्षणकर बसविला गेला. नगरपरिषद तो घरपट्टीबरोबर वसूल करते आणि सरकारी तिजोरीत भरते. वाचकांनी आपले घरपट्टीचे बिल काढून पाहावे. त्यात हा कर निराळा दाखविलेला आढळेल. भाडेकरूही भाड्याच्या रूपाने त्याचा भार उचलतोच. ज्याने कर भरला त्याने हिशेब मागावा, हा स्वराज्याचा पहिला धडा होय; आणि आमच्या गावांत तोच अद्याप गिरविला जात नाही.

पैशाची सबब जुनीच आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी गाऱ्हाणे मांडले ते हेच, की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. नामदार गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने व दोन हिस्से सरकारने सोसावेत, अशी त्यांची योजना होती. १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे १९१७ साली छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. एका संस्थानाला जे साधले, ते साम्राज्याला परवडत नव्हते, यावर कोण विश्वास ठेवील? उणीव द्रव्याची नव्हती, इच्छेची होती.

लोकवर्गणीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहातील मुले पोसली. पण त्या मुठीने शिक्षणाचे नवे दार उघडले. सरकारने आपला हात आखडता घ्यावा, यासाठी ती मूठ उघडली गेली नव्हती.

हा भेद आज विशेष ध्यानी धरावयास हवा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळा दत्तक देण्याची योजना जाहीर केली. नगरपरिषदेच्या वा खेड्यातील शाळेसाठी पाच वर्षांस ५० लाख अथवा दहा वर्षांस १ कोटी रुपये मोलाच्या वस्तू व सेवा पुरविणाऱ्या देणगीदारास शाळेच्या नावाला आपण सुचविलेले नाव जोडता यावे, अशी तीत तरतूद होती. कोणी म्हणेल, छप्पर दुरुस्त होत असेल तर नावाचा बाऊ कशाला? आमचे उत्तर असे, की देणगीदार शाळा निवडतो ती हमरस्त्यावरची. ओढ्यापलीकडच्या वस्तीतील शाळेकडे त्याची दृष्टी जाईलच असे नाही. शिवाय करातून चालणाऱ्या शाळेविषयी नागरिक जाब विचारू शकतो, उपकारकर्त्याला जाब कोणी विचारावा? सहा ते चौदा वर्षांच्या बालकाचे शिक्षण हा घटनेने मान्य केलेला मूलभूत हक्क आहे. हक्क कोणाच्या औदार्यावर टांगून ठेवता येत नाही.

उपाय कायद्यातच आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने नगरपरिषदेच्या शाळेलाही व्यवस्थापन समिती आवश्यक केली आहे. तीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. या समितीने शाळेचा विकास आराखडा करावा आणि तोच अनुदानाचा पाया मानावा, असे कायदा सांगतो. मात्र पुष्कळ ठिकाणी समितीचे काम सह्यांपुरतेच उरते आणि आराखडा कपाटात पडून राहतो.

म्हणून आमची सूचना अशी. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक मंजूर होण्यापूर्वी प्रत्येक शाळेचा आराखडा जाहीर सभेत वाचला जावा. गावातून शिक्षणकर किती गोळा झाला आणि गावच्या शाळांवर किती खर्च पडला, हे दोन आकडे नगरपरिषदेच्या फलकावर शेजारी शेजारी लागावेत. देणगी अवश्य घ्यावी, पण ती आराखड्यात नमूद केलेल्या कामासाठी आणि समितीच्या हाती. आणि ज्यांची मुले त्या शाळेत नाहीत, त्या वकील, डॉक्टर व व्यापारी मंडळींनी त्या सभेस आवर्जून यावे. कर त्यांनीही भरला आहे. मोलकरणीच्या मुलासाठी त्यांनी तेथे एक प्रश्न जरी विचारला, तरी तो अंदाजपत्रकाच्या पानावर उमटल्यावाचून राहणार नाही.